टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड: नव्या २.४ लिटर इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआर८६ आणि बीआरझेड या एकाच साच्यातल्या दोन गाड्या. दोन्ही जपानच्या गुन्मा प्रांतात, ओता शहरातल्या सुबारूच्या कारखान्यात तयार होतात, आणि टोयोटाचा शिक्का असला तरी जीआर८६च्या बॉनेटखाली सुबारूचंच बॉक्सर, म्हणजे आडव्या सिलिंडरचं, इंजिन असतं. नवी बीआरझेड नोव्हेंबर २०२०मध्ये आणि जीआर८६ एप्रिल २०२१मध्ये जगासमोर आली. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये राहणारी बरीच मराठी मंडळी या गाड्या चालवतात किंवा घ्यायचा विचार करत असतात. त्यांना पडणारे इंजिनाबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: या इंजिनात आणखी ताकद भरण्याआधी त्याच्या ऑइलची काळजी घ्या. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

जुन्या आणि नव्या इंजिनात नेमका फरक काय?

२०१२च्या पहिल्या पिढीच्या गाडीत (टोयोटा ८६ आणि जुनी बीआरझेड) एफए२० हे १,९९८ सीसीचं इंजिन होतं. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६ मिमी. नव्या एफए२४मध्ये स्ट्रोक ८६ मिमीच ठेवला आणि बोअर ९४ मिमी केला, त्यामुळे इंजिन २,३८७ सीसीचं झालं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, दोन्हींत १२.५ला १. जपानी आकडे बघितले तर ताकद २०० पीएसवरून (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) २३५ पीएसवर आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटरवरून २५० न्यूटन-मीटरवर गेला. मधे २०१७ला जुन्या इंजिनाच्या मॅन्युअल गाडीत थोडी सुधारणा होऊन ते २०७ पीएस आणि २१२ न्यूटन-मीटरपर्यंत आलं होतं.

बोअर ८ मिमीने वाढवूनही इंजिनाचा बाहेरचा आकार जवळपास तेवढाच राहिला, कारण सिलिंडरच्या लायनरची जाडी कमी केली. त्यासोबत पाणी खेळण्याचे मार्ग नव्याने आखले, इनटेक पोर्ट (हवा आत नेणारे मार्ग) मोठे आणि वेगळ्या आकाराचे केले, इनटेक मॅनिफोल्ड बदलला, जास्त वेगाने फिरणारा छोटा वॉटर पंप घातला आणि रेडिएटर जाड केला. हेडची वरची झाकणं धातूऐवजी रेझिनची झाली, तेवढंच वजन उतरलं.

कागदावर तर ३०-३५ हॉर्सपॉवरच वाढली. एवढ्यासाठी नवी गाडी घ्यावी का?

फक्त ताकदीचा सर्वोच्च आकडा बघितला तर फरक छोटा दिसतो, अमेरिकेतल्या आकड्यांत तर २०५वरून २२८ हॉर्सपॉवर एवढाच. पण टॉर्क कोणत्या आरपीएमला मिळतो ते बघा. जुन्या इंजिनाचा सर्वोच्च टॉर्क ६,४०० आरपीएमच्या पुढे यायचा. नव्याचा ३,७०० आरपीएमला येतो.

हे रस्त्यावर कसं जाणवतं ते एका उदाहरणाने बघू. १८ इंची चाकांची मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ७० किमी वेगाने चालली असेल तर इंजिन साधारण ३,७०० आरपीएमला फिरत असतं. पुढे ट्रक आहे आणि ओव्हरटेक करायचंय. नव्या गाडीत तुम्ही तेव्हा बरोबर टॉर्कच्या शिखरावर असता, अॅक्सिलरेटर दाबला की गाडी सुटते. जुन्या गाडीचा टॉर्क नेमका इथेच, साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या मधे, खाली बसायचा. मालक लोक त्याला 'टॉर्क डिप' म्हणतात. त्या गाडीत ओव्हरटेकसाठी दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागे. आपण ज्याला 'पिकअप' म्हणतो तो नव्या गाडीत खरोखर आला आहे.

०ते १०० किमीचा कंपनीचा आकडा ७.४ सेकंदांवरून ६.३वर आला. रोजच्या वापरात मात्र त्या आकड्यापेक्षा वरचा फरक जास्त मोलाचा आहे.

टर्बो का घातला नाही? सुबारूकडे २.४ टर्बो तयार होतंच की.

होतं. सुबारूच्याच डब्ल्यूआरएक्स या गाडीत एफए२४चंच टर्बो रूप आहे, त्याचं कॉम्प्रेशन १०.६ला १ आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. पण या गाडीचा सगळा आब तिच्या बैठकीत आहे. इंजिन जमिनीलगत बसवलेलं, बॉनेट बुटकं, वजन जेमतेम १,३०० किलोच्या आत. टर्बो, इंटरकूलर, त्यांच्या नळ्या, वाढीव कूलिंग हे सगळं पुढच्या बाजूला आलं असतं. मग वाढलेल्या टॉर्कसाठी गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेकही मोठे करावे लागले असते. वजन वाढलं असतं आणि किंमतही. पायाच्या हालचालीला तत्काळ उत्तर देणारं इंजिन ठेवायचं तर सीसी वाढवणं हाच सरळ मार्ग होता. हा निर्णय आम्हाला योग्यच वाटतो.

रेडलाइन किती, आणि तिथपर्यंत रोज नेलं तर चालेल का?

रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या आरपीएमची वरची मर्यादा, ७,५००. इंजिन पूर्ण गरम असेल तर तिथपर्यंत न्यायला हरकत नाही, ते त्यासाठीच बनवलंय. ७,५००ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१.५ मीटर होतो, हे एका चांगल्या स्पोर्ट्स इंजिनाला पेलवणारं आहे.

गफलत होते ती थंड इंजिनाला रेस देताना. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही. ऑइलला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. डिजिटल मीटरमध्ये ऑइलचं तापमान दाखवण्याची सोय आहे, ती वापरा. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ४,००० आरपीएमच्या पुढे जाऊ नका. नव्या कोऱ्या गाडीला सुबारूची सूचना पहिल्या १,००० मैलांपर्यंत, म्हणजे १,६०० किमीपर्यंत, ४,००० आरपीएमच्या आत राहण्याची आहे. ती पाळा, आणि त्या काळात एकाच आरपीएमवर तासन् तास हायवे कापू नका, गिअर बदलत चालवा.

इंजिन ऑइल कोणतं, किती आणि कधी बदलायचं?

कंपनीचं ऑइल ०डब्ल्यू-२० सिंथेटिक. फिल्टरसकट बदलताना साधारण ५ लिटर लागतं. पहिले साडेचार लिटर ओता आणि उरलेलं डिपस्टिक बघत बघत घाला. अमेरिकेत सुबारूच्या वेळापत्रकात ६,००० मैल किंवा ६ महिने, जे आधी होईल ते, असं दिलं आहे. गाडी ट्रॅकवर नेत असाल तर ते वेळापत्रक विसरा आणि दर दोन-तीन ट्रॅक दिवसांनंतर ऑइल बदला.

काम घरी करणाऱ्यांसाठी क्रम असा. इंजिन कोमट करा, कडक गरम नको. बॉनेट उघडून आधी फिल्टर थोडा सैल करा. या इंजिनाचा फिल्टर वरच्या बाजूला, पुढे आहे. तो सैल केला की आतलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, परततं आणि काढताना सांडत नाही. तरी भोवती फडकं घालाच, कारण खाली बेल्टची बाजू आहे. मग गाडी सपाट जागी चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका. ड्रेन बोल्टला १७चा पाना लागतो. ऑइल पूर्ण गळू द्या, घाई नको. बोल्ट परत लावताना वायसर नवा घाला आणि टॉर्क पान्याने ४२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. चेंबर हलका आहे, अंदाजाने जोर लावून आटे घालवू नका. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि हाताने बसवा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच डिपस्टिक बघा. बॉक्सर इंजिनात ऑइल दोन्ही बाजूंच्या आडव्या हेडमध्ये पसरलेलं असतं. लगेच बघितलं तर पातळी कमी दिसते, मग लोक वरून आणखी ओततात आणि ऑइल जास्त होतं.

ट्रॅकवर उजव्या वळणाला ऑइलचं प्रेशर पडतं म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे. या इंजिनाबद्दल सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट हीच.

सरळ इंजिनात सिलिंडर उभे असतात. हेड वर असतं आणि ऑइल वरून खाली चेंबरमध्ये आपसूक येतं. बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे, त्यामुळे दोन्ही हेड जवळपास चेंबरच्या उंचीला, डाव्या-उजव्या अंगाला पसरलेली असतात. गाडी लांब उजव्या वळणात जोरात असते तेव्हा ऑइल डावीकडे फेकलं जातं, डाव्या बाजूला चढून बसतं आणि वळण संपेपर्यंत परत यायला त्याला वावच मिळत नाही. वर ७,००० आरपीएमला पंप चेंबर भराभर उपसतच असतो. ऑइल ओढणारी नळी काही क्षण हवा ओढते. प्रेशर कोसळतं. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइलची पातळ चादर मिळेनाशी होते, धातूला धातू घासतो. एकदा झालं तर इंजिन निभावून नेतं. दर फेरीला झालं की एक दिवस रॉडचं बेअरिंग जातं, आणि मग ब्लॉकसकट सगळंच.

शहरात किंवा घाटात असं होत नाही. घाटातली वळणं छोटी असतात, डावं-उजवं आलटून पालटून येतं, ऑइलला परतायला वेळ मिळतो. धोका आहे तो बहुतांश उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालणाऱ्या, आणि त्यातही ज्यांत लांबलचक, वेगाचं उजवं वळण आहे अशांवर. जपानमधल्या फुजीचं १००आर किंवा त्सुकुबाचं शेवटचं वळण ही त्याची ओळखीची उदाहरणं.

यात टायरचा हात असतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मूळ टायरवर गाडी आधी घसरते, त्यामुळे वळणातला जोर एका मर्यादेत राहतो. मालक चिकट ट्रॅक टायर घालतो, गाडी वळणात जास्त जोर धरते आणि तो जोर जास्त वेळ टिकतो. इंजिनाला हातही न लावता तुम्ही ऑइलची अडचण वाढवलेली असते. चिकट टायर घ्यायचे तर चेंबरमध्ये ऑइल अडवणाऱ्या आडभिंतींचा खर्च त्याच यादीत धरा.

यावर उपाय काय?

पहिली वस्तू ऑइल प्रेशरचं मीटर. गाडीच्या मूळ मीटरमध्ये तापमान दिसतं, प्रेशर दिसत नाही. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. ७,००० आरपीएमला तो दिसला तर उशीर झालेला असतो. सेन्सर बसवा, आणि नुसता काटा बघण्यापेक्षा नोंद ठेवणारं मीटर घ्या, म्हणजे कोणत्या वळणाला किती पडलं ते घरी येऊन बघता येईल. वळणात डोळे रस्त्यावर असायला हवेत.

दुसरी वस्तू चेंबरमधली आडभिंत, म्हणजे बॅफल. छोट्या झडपा असलेली ही पट्टी ऑइलला नळीजवळ येऊ देते, पण दूर पळू देत नाही. त्याने फरक पडतो, मात्र डाव्या हेडमध्ये अडकलेलं ऑइल ती परत आणू शकत नाही. त्यामुळे बॅफल घातलं म्हणजे प्रश्न मिटला असं मानू नका.

ट्रॅकच्या दिवशी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ऑइल घालण्याची पद्धत बऱ्याच जणांची आहे. त्याने नळीला हवा लागण्याची वेळ थोडी पुढे ढकलली जाते. त्याची किंमत अशी की जास्तीचं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) इनटेकमध्ये जातं. इनटेकमधलं ऑइल पेट्रोलचा ऑक्टेन दर्जा खाली आणतं आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण देतं. असं करणार असाल तर ऑइल पकडणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवा आणि दर सत्रानंतर रिकामा करा.

तापमानही सांभाळा. गरम ऑइल पातळ होतं आणि पातळ ऑइलचं प्रेशर कमी. उन्हाळ्यात वीस मिनिटांच्या सत्रात मूळ गाडीचं ऑइल १३० अंशांच्या पुढे सहज जातं. थर्मोस्टॅट असलेलाच ऑइल कूलर घ्या. थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावला तर हिवाळ्यात ऑफिसला जाताना ऑइल कधी गरमच होणार नाही, त्यातलं पाणी उडणार नाही. फक्त ट्रॅकच्या दिवसांसाठी ५डब्ल्यू-३० घालणारे पुष्कळ आहेत, आणि गरम हवामानात आम्हालाही ते पटतं.

सिलंटचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, ही काय भानगड आहे?

या इंजिनात टायमिंगचं झाकण आणि ऑइलचा चेंबर यांना कापीव गॅस्केट नसतं. ट्यूबमधून सिलंटची धार सोडून ते चिकटवले जातात. धार जाड झाली की बोल्ट आवळताना सिलंट दोन्हीकडे बाहेर येतं. बाहेरचा ओघळ कुणालाही दिसतो. आतला ओघळ इंजिनात लोंबकळत राहतो, गरम ऑइलच्या माऱ्याने तुटतो आणि वाहत वाहत ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर येऊन बसतो. चेंबर उघडून बघणाऱ्या काही मालकांना जाळीत असे रबरासारखे तुकडे सापडले आहेत. जाळी थोडी झाकली गेली तर रोजच्या वापरात काही कळत नाही. ट्रॅकवर मात्र वर सांगितलेल्या उजव्या वळणाच्या अडचणीत ही दुसरी भर पडते.

जुन्या इंजिनालाही याचा इतिहास आहे. २०१८मध्ये २०१२-१३च्या गाड्यांचा व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल झाला. त्या कामासाठी इंजिन बाहेर काढून उघडावं लागे. दुरुस्तीनंतर काही इंजिनं निकामी झाली आणि तेव्हाही संशय जोडणीत जास्त वापरलेल्या सिलंटवरच आला.

मग चेंबर उघडून जाळी साफ करावी का?

गाडी फक्त रस्त्यावर चालते आणि वॉरंटीत आहे? उघडू नका. कारखान्याचा जोड फोडलात की उद्या काही झाल्यास वाद तुमच्याच दारात येईल. ऑइल बदलताना ड्रेनच्या भोकातून एंडोस्कोप घालून बघा. अख्खी जाळी दिसत नाही, पण मोठा तुकडा असेल तर कळतो. फोटो तारखेसह जपून ठेवा.

ट्रॅकवर नेणार असाल आणि बॅफल बसवायचंच असेल तर चेंबर तसाही उतरणार, तेव्हा जाळी साफ करून घ्या. काम करताना चार गोष्टी सांभाळा. जोड सुटत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. समोरचा भाग अॅल्युमिनियमचा आहे, चरा पडला की आयुष्यभर गळती. सिलंट कापायची पातळ पाती मिळते, ती बोल्टच्या भोकांपासून लांब राहून हळूहळू ठोकत न्या. दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं सिलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. तारेचा किंवा खरखरीत पॅडचा ब्रश नको, त्याचा कण आत गेला तर बेअरिंगच खाईल. नवी धार सलग, बारीक आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. सगळे बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. ट्यूबवर दिलेला वेळ जाऊ द्या, शक्य असेल तर रात्रभर थांबा आणि मगच ऑइल भरा. लोक या शेवटच्या पायरीलाच घाई करतात. ओल्या सिलंटवर ऑइल गेलं की जो तुकडा काढायला चेंबर उघडला होता तसाच दुसरा तुम्ही स्वतः तयार करता.

ताकद वाढवायची आहे. सुरुवात कुठून करू?

ऑइलची बाजू झाली असेल तर पुढे वाचा.

एअर फिल्टर आणि इनटेकची नळी बदलून आवाज वाढतो, ताकद नावापुरती. त्यात एक खोच आहे. हवा मोजणारा सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास बदलला की ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, हिशेब चुकतो आणि पेट्रोल कमी-जास्त जायला लागतं. सेन्सरची नळी बदलणारं किट घेतलंत तर ईसीयूचं ट्यूनिंग करावंच लागेल. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन जास्त तेल लावलं की तेच तेल सेन्सरवर बसतं. कागदी फिल्टर वेळेवर बदलणं स्वस्त आणि निर्धोक.

खरा फरक पडतो तो हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्या) आणि ट्यूनिंग एकत्र केल्यावर. पण धूर स्वच्छ करणारा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) हेडरमध्येच आहे. तो नसलेला हेडर अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीला लावणं केंद्रीय कायद्यानेच बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात तर कॅट असलेल्या हेडरलाही राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, नाहीतर स्मॉग तपासणीत गाडी नापास. ब्रिटनमध्येही कॅट काढलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. घेण्याआधी मंजुरीचा क्रमांक मागा.

ई८५वर चालवलं तर?

ई८५ म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन. इथेनॉलचा ऑक्टेन दर्जा जास्त आणि ते बाष्प होताना सिलिंडरमधली उष्णता खूप शोषून घेतं. १२.५च्या कॉम्प्रेशनला हे फारच मानवतं, कारण मग इग्निशन जास्त पुढे नेता येतं, म्हणजे ठिणगी लवकर टाकता येते. जुन्या इंजिनाचा टॉर्क डिपही ई८५ आणि हेडर मिळून बराच भरून निघायचा.

आता हिशेब बघा. पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण साधारण १४.७ला १ लागतं, ई८५ला ९.८च्या आसपास. म्हणजे इंधन बरंच जास्त लागणार, अॅव्हरेज साधारण पाव हिश्शाने पडणार आणि इंजेक्टर, पंप त्यांच्या मर्यादेजवळ जाणार. शिवाय अमेरिकेत पंपावर ई८५ म्हणून मिळणाऱ्या इंधनात इथेनॉल ऋतू आणि जागेप्रमाणे ५१ ते ८३ टक्के असतं. एका प्रमाणासाठी ट्यून केलेल्या गाडीत दुसरं प्रमाण भरलं की मिश्रण बिघडतं. इथेनॉल मोजणारा सेन्सर आणि त्याला जोडलेलं फ्लेक्स फ्युएल ट्यूनिंग नसेल तर ई८५च्या वाटेला जाऊ नका.

सुपरचार्जर किंवा टर्बो किट?

बसतात, चालतात. पण १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात वरून हवा दाबली की नॉकिंगपासूनचं अंतर फार कमी उरतं. एक खराब टाकी पेट्रोल, एक तापलेली दुपार, आणि रॉड वाकतो. बूस्ट (हवेचा वाढीव दाब) कमी ठेवा, ट्यूनिंग अशा माणसाकडून करून घ्या ज्याने याच इंजिनावर काम केलंय, आणि क्लच, ऑइल कूलर, इंधन पंप यांचा खर्च आधीच बाजूला काढा. एवढी ताकद रोज हवीच असेल तर मुळातच टर्बो असलेली गाडी घेणं जास्त शहाणपणाचं.

गाडी चालू असताना बॉनेटखालून रातकिड्यासारखी किरकिर येते. इंजिन बिघडलंय का?

नाही. हाय प्रेशर फ्युएल पंपाचा तो आवाज. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, एक थेट सिलिंडरमध्ये आणि एक इनटेक पोर्टमध्ये. टोयोटाची ही डी-४एस पद्धत. थेट इंजेक्टरला प्रेशर देणारा पंप टकटकतो आणि कधी किरकिरतो. जुन्या गाडीत हे फार होतं. थंडीत जास्त ऐकू येतं.

दोन इंजेक्टरचा मोठा फायदा म्हणजे पोर्टमधलं पेट्रोल इनटेक व्हॉल्व्ह धूत राहतं. फक्त थेट इंजेक्शनच्या इंजिनांत व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, तसा इथे साठत नाही.

आवाज आरपीएमबरोबर वाढणारा, जड, खालून येणारा ठोका असेल तर मात्र इंजिन तत्क्षणी बंद करा आणि टो करून न्या. तो बेअरिंगचा आवाज असू शकतो.

केबिनमध्ये ऐकू येतो तो आवाज खरा की स्पीकरचा?

दोन्ही मिसळून. जुन्या गाडीत इनटेकमधून केबिनकडे येणारी एक नळीच होती. नव्या गाडीत स्पीकरमधून आवाजाची भर घातली जाते.

गिअरिंग बदललं का?

मॅन्युअलचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचं शेवटचं गिअर गुणोत्तर, ४.१ आहे. २०१७नंतरच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तो ४.३ केला होता, कारण कमी टॉर्कची भरपाई गिअरिंगने करायची होती. नव्या इंजिनाला ती गरज उरली नाही. दुसरा गिअर रेडलाइनला १०० किमीच्या जेमतेम आत संपतो. सहाव्यात १०० किमी वेगाला इंजिन साधारण २,६५० आरपीएमला असतं, हायवेवर फार शांत म्हणता येणार नाही.

अॅव्हरेज किती पडतं?

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, शहर-हायवे एकत्रित आकडा जीआर८६ मॅन्युअलला २२ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साधारण ९.४ किमी. ऑटोमॅटिकला २५, म्हणजे १०.६ किमी. मॅन्युअलचं छोटं गिअरिंग इथे भोवतं. पेट्रोल प्रीमियमच घाला, टाकीच्या झाकणामागे लिहिलेल्या ऑक्टेनपेक्षा कमी नको.

टायमिंग बेल्ट कधी बदलायचा?

बेल्ट नाही, चेन आहे. ठराविक अंतराने बदलावी लागत नाही. ऑइल वेळेवर बदललं तर ती टिकते.

स्पार्क प्लग घरी बदलता येतील का?

येतील, पण अख्खा दिवस हाताशी ठेवा. प्लग इंजिनाच्या डाव्या-उजव्या टोकांना, चॅसीच्या दांड्याला लागून आहेत. छोटे एक्स्टेन्शन आणि वळणारा सांधा लागतो, काही सामान सरकवावं लागतं. इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे सुटण्याची भीती असते. अमेरिकेतलं वेळापत्रक ६०,००० मैलांचं आहे, ट्यून केलेल्या गाडीला त्याच्या निम्म्यावर.

ट्यूनिंग केलं तर वॉरंटी जाते का?

अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. तिथल्या कायद्याप्रमाणे बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द होत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. पण ईसीयूत नवं ट्यूनिंग घातलं असेल आणि रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर कंपनीला ते दाखवणं सोपं आहे. मूळ फाइल परत घातली तरी बदलाचा माग राहू शकतो. टोयोटा अमेरिकेत जीआर८६बरोबर नासा या मोटरस्पोर्ट संस्थेचं एक वर्षाचं सदस्यत्व आणि एक ट्रॅक प्रशिक्षण दिवस देते, म्हणजे गाडी ट्रॅकवर जाणार हे कंपनीनेही गृहीत धरलंय. तरी ऑइलच्या पावत्या, फिल्टरचे फोटो, प्रेशरच्या नोंदी सगळं जपून ठेवा.

माझ्या जुन्या ८६मध्ये एफए२४ बसेल का?

यांत्रिक बाजूने बसतं, बाहेरचा आकार आणि बैठक मिळतीजुळती आहे. अडतं ते वायरिंग आणि ईसीयूपाशी: सेन्सर, इंधन यंत्रणा, चोरीविरोधी यंत्रणा, मीटरशी होणारा संवाद. अनुभवी ट्यूनर सोबत असेल तरच हात घाला. जुनी गाडी विकून वर भर घालून नवी घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, वर गिअरबॉक्सही वाढीव टॉर्कसाठी मजबूत केलेला मिळतो.

भारतात ही गाडी मिळेल का?

अधिकृत विक्री नाही, त्यामुळे सुटे भाग आणि या इंजिनाचा जाणकार मेकॅनिक दोन्ही इथे मिळणं कठीण. अमेरिकेतून परतताना तिथली गाडी सोबत आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी इथे खासगीरीत्या आणून नोंदवता येत नाही. युरोपात तर नव्या सुरक्षा नियमांमुळे जीआर८६ची विक्री २०२४मध्येच थांबली, तिथे जी आहे ती वापरलेलीच.

वापरलेली गाडी बघायला जातोय. इंजिनात काय तपासू?

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मग स्वतः चालू करा. पहिल्या दोन सेकंदांतल्या आवाजाकडे लक्ष द्या. टकटक लगेच थांबली तर ठीक, जड ठोका राहिला तर परत या. चालू करण्याआधी डिपस्टिक काढा. पातळी खालच्या खुणेवर असेल तर मालकाने ती बघितलेलीच नाही. चेंबरचा जोड खालून बघा. कारखान्याच्या सिलंटपेक्षा वेगळ्या रंगाचं सिलंट दिसलं तर चेंबर उघडलेला आहे, का उघडला ते विचारा. बॅफलसाठी, असं उत्तर आणि पावती मिळाली तर ती चांगलीच गोष्ट आहे. ब्रेक डिस्कची कड, टायरच्या खांद्यांची झीज आणि टो हूकच्या झाकणावरचे ओरखडे बघितले की गाडी ट्रॅकवर किती गेली ते कळतं.

सौदा जवळपास ठरला असेल तर ऑइल बदलून देण्याची अट घाला आणि जुना फिल्टर मागून घ्या. कापून त्यातला कागद उलगडा, पांढऱ्या फडक्यावर पिळा आणि उन्हात धरा. काळं ऑइल चालतं. त्यात तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली तर ती बेअरिंगची आहे, आणि मग किंमत कितीही कमी केली तरी ती गाडी घेऊ नका.